ऑर्गनच्या पोटात

वोल्फ्सबुर्ग,
१० नोव्हेंबर २०२४

ताई,

नमस्कार. माझं हस्ताक्षर बघून दचकू नकोस, आम्ही तिघंही सुखरूप आहोत. हाताने लिहून, फोटो काढून दाजींच्या व्हॉट्सॲपवर पाठवतोय, कारण फोनवर तू 'ऑफिस काय म्हणतंय?' विचारतेस आणि माझ्या तोंडून 'चाललंय' एवढंच निघतं. ते गेले तीन महिने खोटं आहे.

माझी नोकरी ऑगस्टमध्ये गेली. कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला, अठरा जण एका दिवसात मोकळे. इथे कायम राहायचा परवाना आम्हाला मिळालेला आहे, साधनाची अर्धवेळ नोकरी आहे, मला काही महिने बेकारभत्ता आहे. म्हणजे उद्याची काळजी नाही, परवाची आहे.

तुला का सांगितलं नाही? बाबा गेल्यावर तू स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो तक्ता लावला होतास ना, दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, परदेश. त्यातल्या एकेका चौकोनात बरोबरची खूण करत मी इथवर आलो. शेवटच्या चौकोनानंतर काय, ते त्यात नव्हतं. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ते तुला विचारायची लाज वाटली.

सकाळी अर्ज पाठवून झाले की मी घराबाहेर पडतो. या गावात सगळे गाडीने फिरतात, पायी चालणारा माणूस दिसला की लोक वळून बघतात. म्हणून बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि तिथून वाट फुटेल तिकडे चालायचं. तीन आठवड्यांपूर्वी असाच हेल्मश्टेटच्या बाजूच्या एका खेड्यात पोचलो आणि गारा सुरू झाल्या. चर्चचं दार उघडं होतं, आत शिरलो. आत कोणी नाही. बाकावर टेकतोय तोच वर माळ्यावरून हाक आली, "आलात का? आल्झो, या वर. दाबा!" (आल्झो म्हणजे 'तर मग'.)

वर गेलो तर ऑर्गन. म्हणजे आपली पेटी नव्हे हां. भिंतीएवढं लाकडी कपाट, त्यात शेकडो पाइप, आणि पुढे बसायला बाक नि वाजवायच्या पट्ट्या. माणूस मात्र दिसेना. आवाज कपाटाच्या आतून येत होता. "सगळ्यात डावीकडची. दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

हे हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडेस. ऑर्गन बांधतात, दुरुस्त करतात, वय त्रेसष्ट. सूर लावताना बाहेर पट्टी दाबून धरायला कोणीतरी लागतं. गावातला जो माणूस यायचा होता तो मीच असं त्यांना वाटलं. मी तसं नाही म्हणून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. दाबली.

ते आत एखाद्या पाइपला हलकेच टिचकी मारायचे. मला दोन सूर ऐकू यायचे, एकमेकांना ढुशा देणारे, व्वाव्वाव्वा. मग ढुशा सावकाश होत जायच्या. व्वा... व्वा... आणि एका क्षणी दोन सूर उरायचेच नाहीत. एकच सूर, आधीच्या दोघांहून मोठा, आणि तो कुठून येतोय तेच कळेना. खांबातून, छतातून, माझ्या मनगटातून. मग आतून हाक, "वायटर!" म्हणजे पुढची.

तीन तास बसलो, ताई. गारा कधी थांबल्या कळलं नाही. बोटं बधिर झाली होती आणि मला उठायचं नव्हतं. असं मला आजवर कधी झालेलं नाही, लग्नात नाही, पहिल्या पगाराला नाही. फक्त अन्वी जन्मली तेव्हा थोडंसं.

शेवटी ते बाहेर आले, चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पाद्रीबाईंचे जावई नव्हेत."

"नाही."

"मग कोण?"

म्हणालो, "गारा पडत होत्या."

"गेनाऊ," म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "मंगळवारी पुढच्या गावात आहे. तिथेही दाबायला कोणी नाही."

मी गेलो. अजून जातोय. याचं पुढे काय, असं विचारू नकोस. म्हणजे तू विचारशीलच.

दाजींना नमस्कार.

तुझा,
दत्ता


कऱ्हाड,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. दत्ता,

आशीर्वाद आहेतच, पण आधी ऐकून घे. तीन महिने! दिवाळीत मी तुला अर्धा तास चकल्यांबद्दल सांगत बसले आणि तू 'वा, वा' म्हणत होतास. तुझ्या दाजींनी पत्र मोठ्याने वाचलं आणि मधेच थांबून चष्मा काढला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

नोकरी गेली याचं वाईट वाटलं, पण नोकऱ्या जातात आणि येतात. मला घोर लागलाय तो पत्राच्या दुसऱ्या भागाचा. गारा पडत होत्या म्हणून चर्चमध्ये शिरलास, ठीक. तीन तास बसलास, तेही ठीक, मन गुंतवायला बरं असतं. पण 'अजून जातोय' म्हणजे काय? किती दिवस? कशासाठी? ते काही देतात का, शिकवतात का, की नुसतंच दाबायचं?

मी तेहतीस वर्षं शाळेत, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. दर जूनमध्ये वेळापत्रक मीच बसवत होते. एका तासाला शिक्षक नसला तर पोरं बाकावर चढतात. तुझ्या घरी तर कर्ता माणूसच तासावर नाही, आणि पोरगी चौदा वर्षांची आहे.

सोबत तक्ता पाठवतेय. डिसेंबर ते पुढचा डिसेंबर, दर महिन्याला एक ओळ. पहिल्या रकान्यात काय करणार, दुसऱ्यात कशासाठी, तिसऱ्यात झालं की नाही. भरून पाठव. ऑर्गनचा छंद रविवारच्या रकान्यात घाल, माझी हरकत नाही.

साधनाशी बोलतोस ना? की तिलाही 'चाललंय'?

तुझे दाजी म्हणताहेत, त्या आवाजाचं वर्णन परत एकदा वाचून दाखव. मी दाखवलं नाही.

तुझी,
ताई


वोल्फ्सबुर्ग,
१९ जानेवारी २०२५

ताई,

तुझा तक्ता फ्रिजवर लावलाय. डिसेंबरची ओळ भरली, 'अर्ज: बावीस'. जानेवारीच्या ओळीशी पेन घेऊन बसलो आणि साधनाची सगळी भांडी घासून झाली तरी काही लिहिता आलं नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं काय ते माहीत नव्हतं.

इथल्या रोजगार कार्यालयातल्या बाईंनीही हेच विचारलं. तुमचं ध्येय काय, हेर दत्ता? म्हटलं, मी सध्या पाइप धुतोय. त्यांनी टायपिंग थांबवलं. मग त्यांनीच मार्ग काढला, हेर ब्रांडेस यांच्या कार्यशाळेत सहा आठवड्यांचं प्राक्टिकुम, म्हणजे काम बघत शिकायची मुभा, कागदोपत्री. तेव्हा आता मी चोरून जात नाही.

काय काय करतो सांगू? झाडतो. पाइप कोमट पाण्यात साबणाने धुतो, तान्ह्या बाळाला धरावं तसे, कारण कथलाचा पाइप बोटाच्या दाबानेही चेपतो. सगळ्यात छोटा पेन्सिलीहून बारीक आहे, त्याचा सूर कानाच्या वरच्या टोकाला कुठेतरी टोचतो. सगळ्यात मोठा लाकडाचा, आपल्या घराच्या दारापेक्षा दुप्पट उंच. त्याचा सूर ऐकूच येत नाही म्हटलंस तरी चालेल, तो पायाखालची फळी सांगते. हेर ब्रांडेस कमी बोलतात. काही विचारलं की म्हणतात, "काय ऐकू येतं?" मी सांगतो. बहुतेक वेळा चुकतो. ते "हं" म्हणतात आणि परत वाजवतात.

मागच्या आठवड्यात मला पहिल्यांदा आत पाठवलं. जवळच्या एका गावातला जुना ऑर्गन सुटा करून दुरुस्त करायचा आहे, वर्षापेक्षा जास्त दिवस तो मुका आहे. कपाटाला बाजूने एक बुटकं दार असतं, त्यातून आडवं होऊन शिरायचं. आत शिडी आहे, अरुंद फळ्या आहेत, आणि चहूबाजूंनी पाइप. मी बॅटरी लावली आणि तसाच उभा राहिलो. बाहेरून एक वाद्य दिसतं, आत एक गाव आहे. गल्ल्या, माड्या, चौक. प्रत्येक पाइप आपापल्या भोकात उभा, वारा यायची वाट बघत. दीडशे वर्षं.

आणि आतल्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं आहे, ताई. इथे काम करून गेलेल्या माणसांनी. १८९३, 'आज थंडी. बोटं वाकत नाहीत.' खाली सही. त्याच्या बाजूला दुसरं हस्ताक्षर, १९१७, 'समोरचे एकोणतीस पाइप आज युद्धासाठी उतरवून नेले. मी स्वतः उतरवले.' एवढंच. बाहेर बाकावर बसणाऱ्यांनी हे कधी वाचलं नसणार. मला आत कुठे उभं राहावं तेच कळेना. चपला घालून देवघरात गेल्यासारखं वाटलं. खरंच बूट काढले आणि मोज्यांवर काम केलं.

एवढं सगळं लिहून आता मुद्द्याचं. हायडेलबर्गच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून बोलावणं आलंय. तीस तारखेला मुलाखत. काम माझं पूर्वीचंच. जाणार आहे.

दाजींना सांग, पुढच्या वेळी रेकॉर्डिंग पाठवतो.

दत्ता


कऱ्हाड,
२७ जानेवारी २०२५

चि. दत्ता,

हायडेलबर्ग! जुनं विद्यापीठाचं गाव, शिकलेली माणसं. अन्वीसाठीही किती छान. मी नकाशात बघितलं, मधून नदी आहे.

तुझं बाकीचं पत्र वाचलं. छान लिहितोस. तो आतल्या गावाचा मजकूर मी दोनदा वाचला. अशा आठवणी पुढे म्हातारपणी सांगायला होतात. पण हाताशी आलेलं सोडू नकोस. मुलाखतीला निळा शर्ट घाल, पांढऱ्यात तू आजारी दिसतोस.

रमेशकाकांना आणि शाळेतल्या सगळ्यांना मी सांगून टाकलंय, दत्ता हायडेलबर्गला जातोय. तू आता मला खोटं पाडू नकोस.

माझ्याकडच्या तक्त्यात फेब्रुवारीच्या ओळीत मीच लिहिलं, 'रुजू'.

ताई


वोल्फ्सबुर्ग,
२१ एप्रिल २०२५, ईस्टरचा सोमवार

ती. ताईंना साधनाचा नमस्कार.

तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, हायडेलबर्गला घर मिळालं का, आणि दत्ता दोन्ही वेळा 'बघतोय' म्हणाला. अहो ताई, तो सांगणार नाही, म्हणून मी लिहितेय. हायडेलबर्ग झालं नाही. म्हणजे नोकरी मिळाली होती. त्यानेच घेतली नाही.

करारपत्र आलं ते दहा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होतं. त्याच्या कडेकडेनेच ताटं मांडून आम्ही जेवायचो. मी एकदा त्यावर कालवण सांडेन म्हणून बाजूला सरकवलं, त्याने परत मधे ठेवलं. अकराव्या दिवशी मी म्हटलं, काय ते कर. तो म्हणाला, "तू म्हणालीस तर सही करतो. नीट काम करीन. मी आजवर सगळं नीटच केलंय." ताई, त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, तेच मला जास्त लागलं. पण मी काही देवी नाही. मी म्हटलं, मला हो म्हणायला लावू नकोस आणि नाहीही म्हणायला लावू नकोस. त्याने सही केली नाही. मग आठ दिवस आम्ही फक्त कचऱ्याबद्दल बोललो. पिवळी पिशवी बाहेर ठेवलीस का, कागदाचा डबा कधी आहे.

नवव्या दिवशी मी कार्यशाळेत गेले, सरळ भांडायला. ऑफिसातून अर्धी रजा काढून. हेर ब्रांडेस एकटेच होते. मी येताना पाठ केलेलं सगळं बोलले, तुम्ही माझ्या नवऱ्याला नादी लावलंत, त्याचं वय काय, तुमचं काय जातंय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फ्राउ साधना, मी त्याला दोनदा परत जा म्हणून सांगितलंय. इथे थंडी आहे, कमाई बेताची आहे, आणि मी म्हातारा झालोय. तो जात नाही. बाकीचं सगळं मी शिकवू शकतो, पण तो जसं ऐकतो ते मला कोणाला शिकवता येत नाही." मग म्हणाले, "ईस्टरला या. त्यानंतर भांडा."

काल गेलो. अन्वी कुरकुरत आली, हेडफोन गळ्यात. ते छोटं चर्च गच्च भरलेलं, ऑर्गन दीड वर्षाने वाजणार होता. दत्ता आम्हाला दिसलाच नाही. तो त्या कपाटाच्या आत होता, एखादा सूर अडकला तर सोडवायला.

मला संगीतातलं कळत नाही. सुरुवातीला काहीच झालं नाही, नुसता वारा भरल्याचा आवाज, कोणीतरी खूप मोठ्याने श्वास घ्यावा तसा. आणि मग एकदम ते आलं. ताई, मी बाकाची कड धरली. भीती वाटली म्हणून नाही. एवढं मोठं काही माझ्या इतक्या जवळ कधी आलं नव्हतं. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी होत्या, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोंड उघडं टाकून वर बघत राहिल्या. अन्वीने माझा हात पकडला आणि जर्मनमध्ये विचारलं, "हे बाबाने केलं?" मी म्हटलं, "त्यातलं थोडं." तिने परत विचारलं, "कुठलं थोडं?" मी ऐकत होते, यातलं कुठलं त्याचं असेल.

शेवटी तो बाजूच्या बुटक्या दारातून वाकून बाहेर आला. केसांत धूळ, पायात नुसते मोजे. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी त्याला ओळखते असं मला वाटत होतं.

भांडायचं राहून गेलं.

मी माझी नोकरी पूर्णवेळ करून घेतली आहे. मी त्याला एक वर्ष दिलंय, मग परत विचारणार आहे, आणि हे मी हसून म्हटलेलं नाही. सप्टेंबरपासून हेर ब्रांडेस त्याला रीतसर शिकाऊ म्हणून घेणार आहेत, साडेतीन वर्षं. त्यानंतर काय, त्यालाही माहीत नाही.

तुम्ही फेब्रुवारीत मला लिहिलं होतंत, 'त्याला भरकटू देऊ नकोस.' मी तुमचं ऐकलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

तुमची,
साधना


कऱ्हाड,
११ मे २०२५

चि. दत्ता,

साधनाचं पत्र आलं. मी आठ दिवस रागावलेली होते. रमेशकाकांनी 'हायडेलबर्ग काय म्हणतंय?' विचारलं तेव्हा मी 'चाललंय' म्हणाले. म्हणून लगेच तुझ्यावर फार रागावता येईना.

तू दाजींना पाठवलेलं रेकॉर्डिंग आम्ही फोनवर ऐकलं. खरं सांगू? मालट्रकच्या हॉर्नसारखं वाटलं. दाजी म्हणाले, फोनच्या एवढ्याशा भोकातून ते कसं येणार? तो विषय त्यांच्या डोक्यातून जाईना. परवा त्यांचे डोळे तपासायला पुण्याला गेलो होतो. त्यांनी रिक्षावाल्याला विचारून विचारून कँपातल्या एका जुन्या चर्चला नेलं. तिथे पाइपचा ऑर्गन आहे, असं त्यांनी कुठेसं शोधून काढलं होतं. मी म्हटलं, अहो, आपली काही ओळख नाही, वेळ घेतलेली नाही, डोळ्यांत थेंब घातलेत, तुम्हाला दिसतही नाहीये. म्हणाले, बघायचं कुठे आहे?

आम्ही मागच्या बाकावर बसलो. एक मुलगी सराव करत होती, तुझ्या अन्वीहून थोडी मोठी. अर्धे सूर बेसूर होते, ते मलाही कळलं. मग तिने पायाने काहीतरी दाबलं. दत्ता, मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि पर्सच थरथरायला लागली. बाक थरथरला. मी एकोणसाठाव्या वर्षात आहे, कीर्तनं ऐकली, शाळेचे तीस गॅदरिंग काढले, मला वाटत होतं आवाज म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आम्ही पाचची गाडी चुकवली. सातचीही चुकवली असती, पण त्या मुलीने कुलूप लावलं.

तुझं करिअर मला अजून कळलेलं नाही. पण तू तिथे तीन तास का बसलास, ते कळलं.

आता एक गोष्ट सांगते, ती मी कोणाला सांगितलेली नाही. तो भिंतीवरचा तक्ता. तुला वाटतं मी तो विचार करून आखला होता. बाबा गेले तेव्हा तू दहाचा, मी चोवीसची. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, आता या पोराचं काय? मला काहीएक माहीत नव्हतं. एका दुपारी मी तुझ्या वहीचे चार कागद डिंकाने चिकटवले आणि शेजारच्या सत्यजितच्या आईने त्याच्या पुढच्या बेतांबद्दल जे जे सांगितलं होतं ते ओळीने उतरवून काढलं. इंजिनिअरिंग तिचं. परदेश तिचं. तारखा मी मनाने घातल्या. तारखा दिसल्या की लोक प्रश्न विचारायचे थांबतात, एवढंच मला त्या दिवशी कळलं होतं. तू खुणा करत गेलास आणि मला भीती वाटायची, हा खरंच करतोय की काय! एकदा तरी विचारेल, असं वाटायचं. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

मीही चाचपडतच होते, बाळा. फक्त पट्टीने रेघा मारून.

फ्रिजवरचा तक्ता काढून टाक. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला अन्वीला काहीतरी काढू दे.

दाजी विचारताहेत, तो पायाने दाबायचा सूर कुठला? मलाही हवंय.

तुझी,
ताई


लुडविग्सबुर्ग,
१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

नमस्कार. तुझं मेमधलं पत्र मी खिशात घेऊन फिरतोय, म्हणून त्याला उत्तर लिहायला इतके महिने लागले. खिशातल्याला कोण उत्तर देतं? दाजींना सांग, तो पायाने वाजवायचा सर्वांत खालचा सूर. त्याच्या पाइपांमधून वारा इतक्या सावकाश हलतो की आपल्याला एकेक हेलकावा जाणवतो. अंगाला जे लागलं ते तेच.

सध्या मी सहा आठवडे इथे आहे, देशभरातले ऑर्गनचे शिकाऊ या एका शाळेत येतात. वर्गात मी सर्वांत मोठा, आमच्या शिक्षकांहूनही दोन वर्षांनी. बाकीची मुलं अठरा-वीसची. पहिल्या दिवशी एकाने मला शिपाई समजून खडू मागितला, मी आणूनही दिला. एक तुला आवडेल असं सांगतो. आधी ऐकत, चुकत, झाडत मी इथवर आलो आणि आता बघतो तर हे सगळं मापांवर चालतं! पाइपचा घेर, तोंडाची रुंदी, पत्र्याची जाडी, प्रत्येकाचे तक्ते. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. तू असतीस तर पहिल्या बाकावर बसली असतीस. मीही बसतो. फरक इतकाच की या वेळी प्रत्येक आकडा कशासाठी आहे ते मी आधी कानाने ऐकलेलं आहे.

साधना दर रविवारी येते, चार तासांचा रेल्वेप्रवास करून. तिने दिलेलं वर्ष एप्रिलमध्ये संपतं. ती विसरलेली नाही, मीही नाही. मागच्या रविवारी स्टेशनवर तिला म्हटलं, तू नाही म्हणालीस तर मी खरंच परत जाईन, आणि आता ते नुसतं नीट वागायचं म्हणून नसेल. ती म्हणाली, "बघू." तिच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

शुक्रवारचं सांगतो आणि संपवतो.

शुक्रवारी आम्ही पत्रा ओतला. पाइप ज्या पत्र्याचे करतात तो विकत आणत नाहीत, कथील आणि शिसं वितळवून इथेच ओततात. एक लांबच लांब टेबल, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वर कापड ताणलेलं. त्यावर बिनबुडाची लाकडी पेटी. पेटीत वितळलेला धातू भरायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून ती टेबलावरून सरकवत न्यायची. पेटी पुढे जाते आणि मागे धातूचा पातळ थर उरतो. थांबलं तर तो जाड होतो, घाई केली तर फाटतो. माझ्या जोडीला लेना नावाची मुलगी होती, एकोणीस वर्षांची. शिक्षक म्हणाले, "एकमेकांकडे बघू नका. एकमेकांची पावलं ऐका."

आम्ही चाललो. किती सेकंद असतील? दहा-बारा. दुसऱ्या टोकाला पोचून पेटी सोडली आणि वळून बघितलं.

ताई, टेबलावर आरसा होता. छताच्या तुळया, खिडक्या, खिडकीबाहेरचं आभाळ, त्यातून जाणारा एक पक्षी, सगळं त्यात होतं, आणि ते सगळं द्रव होतं. फुंकर मारली असती तर आभाळ हललं असतं. बारा जण उभे होतो, एकानेही श्वास सोडला नाही. मग आम्ही सुरुवात केली होती त्या टोकाकडून काहीतरी चालत यायला लागलं. एक पांढुरकी, मंद झाक, काचेवर दंव पसरावं तशी. ती तुळयांवरून गेली, खिडक्यांवरून गेली, आभाळावरून गेली, आणि जिथून गेली तिथे आरसा मिटला. आमच्यापर्यंत आली. संपलं. समोर करड्या रंगाचा पत्रा पडला होता.

लेना रडत होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. शिक्षक हे वीस वर्षं बघताहेत, तेही टोपी हातात घेऊन उभे होते. मग खाकरून म्हणाले, "आल्झो. कॉफी."

सगळे गेले. मी मागे राहिलो आणि पत्र्याच्या जवळ हात नेला. ऊब येत होती. शिक्षक दारातून परत फिरले आणि म्हणाले, "हा तुमचा. यातून प्रत्येकाने एक पाइप करायचा आहे, कुठलाही. कुठला सूर करणार?"

मी म्हणालो, "अजून माहीत नाही."

"बरं आहे," ते म्हणाले. "तसाही काही दिवस त्याला हात लावायचा नसतो."

दाजींना नमस्कार. अन्वीने तक्त्याच्या मागे काय काढलंय ते ती कोणालाच दाखवत नाही.

तुझा,
दत्ता